तीस मीटरची दोरी

सिटीवेस्ट, डब्लिन
२० जुलै २०२५

चि. रेवतीस,
अ. उ. आ.

मी खुशाल पोहोचलो. या पत्राचा फोटो काढून मेधाच तुला पाठवणार, म्हणजे आधी वाचणारही तीच. तेव्हा लेकीच्या घराबद्दल चांगलंच लिहितो. घर चांगलं आहे. बाकी देशाची भीड ठेवायचं मला कारण नाही.

स्वानंदी इथल्या ॲथलेटिक्स क्लबात जाते. तिथे शिवॉन नावाची बाई शिकवते. पहिल्या आलेल्या मुलीला ती ‘ग्रँड’ म्हणते, शेवटच्या मुलीला ‘ग्रँड’ म्हणते आणि बुटाची नाडी सुटली म्हणून मध्येच बसलेल्या मुलीलाही ‘ग्रँड’च म्हणते. सैनिकी शाळेतल्या सत्तावीस वर्षांत माझ्या तोंडून ‘बरं’ एवढा शब्द चार मुलींनी ऐकला असेल. परवा आमच्या नातीने चारशे मीटरला अठ्ठ्याहत्तर सेकंद घेतले आणि नंतर केक खाल्ला. तू कितवी आलीस असं मी मराठीत विचारलं, तर मजा आली असं तिने इंग्रजीत कळवलं. आपली कच्च्यातली कच्ची मुलगी सत्तरच्या आत येते. माझ्या मते इथला ट्रॅकच लांब आखलाय. ज्यांना शिस्त नाही त्यांना माप कुठून असणार?

शेजारच्या पार्कात बेसबॉलही चालतो. पोटं सुटलेले कंपनीतले लोक भुरभुर पावसात एका हातात ग्लोव्ह आणि दुसऱ्या हातात कॉफी घेऊन उभे असतात. चेंडू पडला की एकमेकांची क्षमा मागतात. मी दहा मिनिटं पाहिलं आणि घरी आलो.

आता कामाचं. माझ्या खुर्चीवर बसल्यावर हे तुझं पहिलंच मैदान. दोरी स्टोअरमधल्या हिरव्या ट्रंकेत आहे. तिचं खुंटीकडचं टोक दरवर्षी उसवतं, तेवढं कापून नवा फास मार आणि मगच आखायला घे. ट्रॅकला पूर्ण दोरी, बेसबॉलच्या चौकोनाला लाल चिंधीपर्यंत. टेपच्या नादी लागू नकोस, टेप शिंप्याने वापरावी. खंडेनवमीला बंदुकांशेजारी त्या दोरीची पूजा होते, ती उगीच नाही.

लोभ आहेच. चुन्याची फक्की वाकडी पडली तर मात्र खात्री देत नाही.

तुझा काका,
प्रताप


१७ ऑगस्ट २०२५

ती. प्रतापकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रातली सगळ्यांची खरडपट्टी वाचून आई म्हणाली की भाऊजींची तब्येत उत्तम दिसते.

तुम्ही सांगितलंत तसंच मैदान आखलं. दोरीचं टोक दोन बोटं कापलं, नवा फास मारला. इकडे माणच्या माळावर पावसाचा पत्ता नाही, त्यामुळे फक्की छान बसली. पहिल्याच चाचणीत आपल्या कर्णधार निहारिकाने चारशे मीटर ५९.९ मध्ये काढले. फलकावरचा ६०.६ चा विक्रम मोडला. मुलींनी तिला उचलून जेवणघरापर्यंत नेलं.

मग विभागीय स्पर्धेला गेलो. तिथे तिला ६१.८ लागले आणि ती चौथी आली. बेसबॉलमध्ये तीनदा पहिल्या बेसवर आउट झाली, तिन्ही वेळा एकेका पावलाने. तुमच्या शाळेची घड्याळं शाळेच्या फाटकाबाहेर चालत नाहीत, असं तिथला टाइमकीपर सगळ्यांदेखत म्हणाला. त्याच्या मिशीत अजून सकाळचे पोहे अडकलेले होते, तरी त्याला हसायची हिंमत झाली.

प्राचार्य कर्नलसाहेब चिडलेत. ती घरच्या मैदानावर पळते आणि बाहेर अंग चोरते असं त्यांचं म्हणणं. तिचं कर्णधारपद काढून तिला दोन्ही संघांतून वगळायचं म्हणतात. तुमचं मत मागवणार आहेत, आणि तुम्ही म्हणाल तेच ते करतील. नाव वगळलं तर ऑक्टोबरची राज्य निवड चाचणी गेली. काका, तिला पुढे फौजेत जायचंय. तिने अंग चोरलेलं नाही, मी शेवटच्या रेषेवर उभी होते. ती पळून आल्यावर ओकली.

एक विचारते, रागावू नका. ती दोरी शेवटची कधी मोजली होती?

उत्तर लवकर यावं. लोभ किती आहे ते त्यावरूनच कळेल.

तुमची,
रेवती


सिटीवेस्ट
१९ ऑगस्ट २०२५

चि. रेवतीस,
अ. उ. आ.

रागावलो नाही. कीव आली.

मुलगी हरली की हल्लीच्या शिक्षकांना मैदान, वारा, बूट, पंच सगळं आठवतं, मुलीचे पाय तेवढे आठवत नाहीत. ओकणं हा पुरावा नाही. मी मेधाच्या लग्नातही ओकलो होतो. टाइमकीपरबद्दल मात्र तुझं बरोबर आहे, ही जमात पूर्वीपासून अशीच. आपल्या मुली पहिल्या बेसवर दरवर्षी एकेका पावलाने आउट दिल्या जातात, हे काय आज आहे? पंच आपल्या शाळेवर जळतात.

दोरीबद्दल विचारण्यापूर्वी माझ्या केबिनमधला आलेख पाहायचास. १९९८ साली, पहिल्या वर्षी, चारशेचा विक्रम ६२.४. तिथून रेघ खाली येत येत गेल्या वर्षी ६०.६. सत्तावीस वर्षांत एकदाही वर गेली नाही. कर्नलसाहेबांनी त्याला चौकट करून लावलंय. ही माझ्या शिकवण्याची रेघ आहे.

कर्नलसाहेबांचा निरोप आला होता, त्यांना मी काल लिहून टाकलं: मुलगी आळसावली आहे, डोक्यात हवा गेली आहे, दोन्ही संघांतून काढा. वाईट वाटून घेऊ नकोस. नरम पडलीस तर तूही एक दिवस ‘ग्रँड’ म्हणू लागशील.

शनिवारी मी इथला ट्रॅक मोजणार आहे. हार्डवेअरच्या दुकानातून पन्नास मीटरची फीत आणली. शिवॉनबाईंनी मला ट्रॅकच्या प्रमाणपत्राचा कागद दाखवला. मी म्हटलं, कागद आमच्याकडेही मिळतात.

लोभ आहे, तुझ्या अकलेबद्दल मात्र चिंता आहे.

काका


चेरीवूड
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय रेवतीस,
स. न. वि. वि.

रविवार असून ऑफिसला आलेय, कारण घरी बसवत नाही. काल बाबांनी ट्रॅक मोजला. दोन तास, भर पावसात. फितीचं एक टोक शिवॉनने धरलं, दुसरं बाबांनी. आकडा वाचायचं काम तिने मुद्दाम बाबांनाच दिलं. चारशे मीटर आणि वर चार बोटं आले. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. तिने पुन्हा टोक धरलं. पुन्हा तेच.

घरी आले ते थेट स्वयंपाकघरात गेले. चहाचा कप म्हणून धान्याचा डबा काढला आणि तो घेऊन प्रेसपाशी तसेच उभे राहिले. प्रेस म्हणजे आमचं कपाट, इथे राहून मीही तसंच म्हणू लागलेय. लहानपणी माझ्या वहीचा समास ते पट्टीने मोजायचे, अर्धा सेंटिमीटर चुकला तर पान फाडायचे. त्यामुळे मला दया येत नाही, हे तुला खरं सांगते.

आज सकाळी फक्त एवढं म्हणाले की रेवतीला दोरी मोजायला सांग. लगेच मोज आणि मला कळव.

असाच लोभ ठेव. आपल्या घरात तो तसा कमीच असतो.

तुझी,
मेधाताई


सिटीवेस्ट
२८ ऑगस्ट २०२५

चि. रेवतीस,
अ. उ. आ.

तुझा आकडा मिळाला. तीस मीटरच्या दोरीचे एकोणतीस मीटर आठ सेंटिमीटर उरलेत. दरवर्षी दोन बोटं मी कापत होतो. सव्वीस वेळा मी कापली आणि सत्ताविसाव्या वेळी माझ्या सांगण्यावरून तू. चारशेचा ट्रॅक तीनशे अठ्ठ्याऐंशीवर आला आणि बेसबॉलच्या नव्वद फुटांतून तीन फूट गेले. ते तीन फूट म्हणजेच आपल्या मुलींचं ते एक पाऊल. पंचांना मी सत्तावीस वर्षं शिव्या घातल्या.

तो आलेख माझ्या शिकवण्याचा नव्हता, दोरीचा होता. मी इतका मूर्ख माणूस पाहिलेला नाही, आणि मी टाइमकीपर पुष्कळ पाहिलेत.

रात्रभर हिशेब केला. फलकावर खरी वेळ एकच आहे, १९९८ ची ६२.४, कारण तेव्हा दोरी नवी होती. त्यानंतरचे सगळे विक्रम खऱ्या मापाला त्याच्या आसपासच येतात. निहारिका पूर्ण चारशे मीटर पळून ६१.८ मध्ये आली. म्हणजे तो विक्रम मोडणारी ती एकटीच, आणि तिलाच मी आळशी म्हटलं. कर्नलसाहेबांना दुसरं पत्र लिहिलंय, शिवॉनबाईंनी आकडा माझ्याकडूनच कसा वाचून घेतला तेही त्यात आहे. पहिलं परेडपुढे वाचलं म्हणे. हेही तिथेच वाचावं. फलक पुसून घे, आलेख काढ.

लोभ मागायला तोंड उरलेलं नाही, तुला वाटेल तेवढा ठेव.

प्रताप


१४ सप्टेंबर २०२५

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

रेवतीमॅडमनी लिहायला सांगितलं म्हणून लिहीत आहे.

तुमचं पहिलं पत्र परेडपुढे वाचलं तेव्हा मी रांगेत होते. दुसरं वाचलं तेव्हाही होते. दुसऱ्या पत्रानंतर मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मधल्या दहा दिवसांत कोणी माझ्या शेजारी जेवायला बसलं नव्हतं, आणि पहिल्या पत्राच्या आधी मला कोणी काही विचारलं नव्हतं.

मला कर्णधारपद परत मिळालं आहे. तुमची माफी मला पोहोचली. बदल्यात काय हवं असं प्राचार्यसरांनी विचारलं, तेव्हा मी लोखंडी फीत मागितली. ती आली. ट्रॅक आणि बेसबॉलचा चौकोन आम्ही नव्याने आखला. काल मी पूर्ण चारशे मीटर ६१.५ मध्ये पळाले. ऑक्टोबरच्या चाचणीला तेवढे पुरतील की नाही, माहीत नाही.

दोरी मॅडमनी तुमच्यासाठी बांधून ठेवली आहे. यंदा खंडेनवमीला पूजेत फीत असेल.

तुम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत येणार असं कळलं. आल्यावर मैदानावर यावं. फितीचं एक टोक मी धरेन. आकडा तुम्ही वाचायचा, मोठ्याने, सगळ्या मुलींपुढे.

लोभाचं तेव्हा बघू.

आपली विद्यार्थिनी,
निहारिका