जास्वंदीतलं घरटं

मंगळवार, १० एप्रिल २००७. संध्याकाळ

परसातल्या जास्वंदीतली बुलबुलाची पिल्लं आज मांजरानं नेली. घरट्याला धक्का लागू नये म्हणून मी पूजेलाही तिथली फुलं तोडत नव्हते. हे चेष्टा करायचे, "तुझ्या गणपतीला आता पाखरांची परवानगी लागती व्हय?"

सूनबाई घरट्याचे फोटो इंटरनेटवरच्या मैत्रिणींना पाठवायची. आज तिनं विचारलं, "आई, उडून गेली म्हणून लिहू का?" कधी न पाहिलेल्या बायका, पण रोज पिल्लांची चौकशी करायच्या. त्यांच्याशी खोटं कसं बोलायचं? म्हटलं, "झालं तेच लिही की."

लगेच नाशिकच्या एकीचं उत्तर आलं. सासूबाईंना सांग, बुलबुल पुन्हा घरटं बांधतात.

इथंच बांधतील? कोण जाणे. उद्याही जास्वंदीला हात लावणार नाही. गणपतीला दूर्वा वाहीन.