महादेवीचं कमळ

भालकी, पौषातला मंगळवार, १९५२

उदगीरचे पाहुणे महादेवीला बघून गेले. परत येणार न्हाईत. अंग नुसतं आंबून गेलंय.

माझी पोर समजेनं मागं राहिलेली, पण बोलायला लई गोड. पाहुण्यांशी मराठी, कानडी, दखनी तिन्ही बोलली. सगळे खूश. मग मुलाची आई म्हणाली, "आता अंगणात रांगोळीचं कमळ काढ बघू."

मला घोर नव्हता. रोज सकाळी ती उंबऱ्यापाशी काढतेच की. मी ठिपके काढून देते, ती जोडते. आजही मी ठिपक्यांसाठी वाकले, तर त्या बाई म्हणाल्या, "ठिपके बी तिलाच काढू द्या की."

इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानातच कसं आलं न्हाई?

एकेक पाकळी सुरेख काढली तिनं. एक रांजणापाशी, एक पार गोठ्याच्या दाराशी. देठ तिसरीकडंच. कमळ कुठंच न्हाई. कुणी हसलं न्हाई, तेच जास्त लागलं.

मघाशी मी त्या पाकळ्या पुसायला बसले, तर पोर माझ्या शेजारी येऊन म्हणते, "अव्वा, कामून रडायलीस? उद्या तू ठिपके काढ, मी जोडते."

व्हय म्हटलं. उद्या तर मी आहे.