बसलेल्या बैलांचे पाय

अहमदपूर,
पोळा होऊन पंधरवडा झाला

तीर्थरूप पार्वतम्माअक्कांस धाकट्या भावाचे, सिद्धलिंगचे, शरणु शरणार्थी.

पाळणा, देवघराची कमान, पिठाची चाळणी, रेडिओची पेटी (आतला रेडिओ सोडून) आणि बालवाडीचा फळा, एवढं मी कुणाकडे न शिकता या दोन हातांनी केलं, हे तुम्ही जाणताच. आता घरात या हातांना कुणी विचारत नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे पाऊस नाही, टँकर आला तर आला. जिल्हा मात्र नवा मिळाला, लातूरचा.

झालं असं, की लातूरहून नवे साहेब बालवाडी बघायला येणार म्हणून सरजाबाईंनी (बालवाडीच्या बाई, मनानं चांगल्या, पण रेघ सरळ मारत नाहीत) लेकरांना पोळ्याचे मातीचे बैल करायला बसवलं. माती भिजवली ती त्यांचेच हातपाय धुतलेल्या पाण्यात. मला बोलावलं ते बैल वाळवायच्या फळीपुरतं. बघतो तर सगळे बैल पोटावर! एकालाही पाय नाही. बाई म्हणतात, "काका, हात नका लावू. त्यांच्या मनानं करू द्या, लेकरं लई रमलीत." आता मन हे काय माप झालं? वशिंड किती, मान किती, हे मी बैलबाजारात बोटांनी मोजून आलेला माणूस. लेकरं जेवायला घरी गेली, तेवढ्यात मी तुरीच्या काड्या कापून ओल्या मातीत एकेकाला चार पाय बसवले, शिंगं सारखी केली. आपल्या रत्नाच्या बैलाची तर मानच नव्यानं केली (तिच्या बैलानं मान जमिनीवर टाकली होती. नात माझी, आणि असा बैल?).

साहेब खूश झाले. लेकरं मात्र आपापला बैल शोधत फळीभोवती फिरत राहिली, दोघांनी तर भोकाड पसरलं. रत्ना सगळ्यांदेखत मला म्हणाली, "आज्जा, त्याला कामून उठवलास? दमलाय त्यो. छावणीत कडबा न्हाई."

अक्का, आपली बैलजोडी चारा छावणीत आहे. रत्ना रोज आपल्या आजीबरोबर, उमाबाईबरोबर, तिथं जाते. मी एकदाच गेलो, दावं मापाचं आहे का बघायला. दावं बरोबर होतं. बैल बसलेले होते की उभे, ते माझ्या ध्यानात राहिलं नाही.

तेव्हापासून पोरगी मातीला शिवत नाही. खडू दिला तर माझ्याच हातात परत ठेवते, "तूच काढ, तुला येतंय." मी काढतो. अगदी बरोबर काढतो. ती बघतसुद्धा नाही. उमाबाई म्हणते, "बसा आता तुमच्या त्या बरोबर काढलेल्या बैलांसंगं." चार वर्षांचं लेकरू रिकाम्या हातांनी उंबऱ्यावर बसून असतं, आणि मला त्यावर कुठलं हत्यार चालवावं ते सुचत नाही.

मुलांना आशीर्वाद.

आपला,
सिद्धलिंग

ता. क. गुडघ्यांना एरंडाचं पान बांधा, पण देठ खाली ठेवून.

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. तुमच्या बिलोलीकडची मांजरा नदीकाठची काळी माती ओल्या फडक्यात बांधून एसटीच्या कंडक्टरजवळ द्या. पाठवणाऱ्याचं नाव तुमचं घाला. मी दिलेली ती घ्यायची नाही.

ता. क. साहेबांचा निरोप आला होता: जिल्ह्यातल्या बालवाड्यांना नमुना म्हणून उभे बैल करून द्या, चारशे रुपये. नाही म्हणून कळवलं.