उभ्याने केलेल्या शर्यतींविषयी आणि बोटीच्या वाटणीविषयी

बोट क्लबच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माझ्या धाकट्या भावाचा लेख छापून आला आहे. त्यातील एक वाक्य असे : "त्या शर्यतीत आम्ही ताशी साठ नॉट वेगाने गेलो, मी बोट चालवत होतो आणि दादा शेजारी बसले होते." या एका वाक्यात तीन चुका आहेत. माझ्या पश्चात हेच वाक्य प्रमाण मानले जाईल, म्हणून मालमत्तेच्या आधी त्याची व्यवस्था लावतो.

पहिली चूक भाषेची. तासाला एक सागरी मैल या वेगालाच नॉट म्हणतात. तास त्या शब्दाच्या पोटातच आहे. 'ताशी नॉट' म्हणणारा माणूस तास दोनदा मोजतो. दुसरी चूक आकड्याची. आमची सरासरी छत्तीस नॉट होती आणि सपाट पाण्यावर काही क्षण आम्ही पन्नासच्या आसपास गेलो असू. साठ नॉट त्या काळी आमच्या स्वप्नातही नव्हते. तिसरी चूक क्रियापदाची आहे. तिच्याकडे पाचव्या कलमात येईन.

आता रीतसर. मी, वय वर्षे एक्याऐंशी, वडिलांनी काढलेला बोटबांधणीचा कारखाना भावासह चालवून निवृत्त झालेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मनाने लिहीत आहे. आज सकाळी डॉक्टरांनी मला तपासले आणि म्हणाले, "काका, डोकं एकदम शाबूत आहे तुमचं." शब्द योग्य वापरला, म्हणून तो येथे नोंदवतो. याआधी मी लिहिलेले, बोललेले किंवा रागाच्या भरात जाहीर केलेले सर्व वाटे रद्द समजावेत.

कलम पहिले. राहते घर माझ्या मुलीचे. माडीवरच्या खोलीत, जिथून धक्का दिसतो, भाडेकरू ठेवू नये. त्या खिडकीची कडी आधी वर उचलावी, मग ओढावी. नुसती ओढणाऱ्यांनी ती दोनदा मोडली आहे.

कलम दुसरे. बँकेतील शिल्लकही मुलीची. त्यातून घरकाम करणाऱ्या बाईंना वर्षभराचा पगार द्यावा आणि तो देताना उपदेश करू नये.

कलम तिसरे. रंधे, पटाश्या, करवती आणि शिकंजे आमच्या जुन्या सुतारास द्यावेत. त्याला हे आधीच सांगितले आहे. तो म्हणाला, "मालक, जायच्या आधी धार तेवढी लावून ठेवा." धार लावून ठेवली आहे.

कलम चौथे. माझा मोठा शब्दकोश, दोन्ही खंड, स्मरणिकेचे संपादन करणाऱ्या माझ्या पुतण्यास. त्याने तो कपाटात ठेवू नये.

कलम पाचवे. बोट.

हिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण हिच्यावर दोघांचा डोळा आहे. क्लबचा अध्यक्ष या नात्याने भावाला ती क्लबच्या दिवाणखान्यात चौथऱ्यावर, काचेआड ठेवायची आहे. माझ्या मुलीला ती पाण्यात हवी आहे. गेली सहा वर्षे मुलगी सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये येते, कुजलेली फळी काढते, नवी बसवते, इंजिन उघडते. पुढील हंगामात जुन्या बोटींची फेरी निघणार आहे आणि त्यात बोट मालकानेच उतरवावी असा नियम आहे. बोट क्लबकडे गेली, तर तिची सहा वर्षे चौथऱ्यावर चढतील.

आम्ही सुरुवात केली तेव्हा बोटींचे तळ जवळजवळ सपाट असत. शांत पाण्यावर त्या छान घसरत. उघड्या समुद्रात प्रत्येक लाट दार आपटावे तशी तळावर आपटे. जिंकणाऱ्याची सरासरीसुद्धा वीस नॉटांच्या आतबाहेर असे. मग खोल धारेचा तळ आला. पुढच्या टोकापासून मागच्या फळीपर्यंत तीच धार. लाटेवर आपटण्याऐवजी बोट तिच्यात सुरीसारखी उतरू लागली आणि पाहता पाहता वेग दुपटीच्या घरात गेले. इंजिने वाढली, मागे सरकली. लाकूड गेले, फायबर आले; नंतर दोन पोटांच्या बोटी आल्या, ज्यांच्या मधल्या बोगद्यातली हवाच त्यांना उचलून धरते. आज त्या शंभर नॉट मागे टाकतात आणि आतली माणसे लढाऊ विमानासारख्या बंद काचेखाली पट्ट्यांनी जखडलेली असतात.

आमच्या बोटीला काच नव्हती, छप्पर नव्हते आणि बसायला जागाही नव्हती. असती तरी पहिल्याच लाटेने पाठीचे मणके मोजून दाखवले असते. आम्ही गुडघे सैल सोडून उभे असू. भावाच्या हाती चाक, माझ्या हाती थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग कमीजास्त करणारा दांडा. हे दोन माणसांचे काम आहे, हे किनाऱ्यावरून दिसत नाही. बोट लाटेच्या माथ्यावरून सुटली की पाण्याखालचा पंखा हवेत येतो. पाण्याचा भार गेला की इंजिन बेभान होते. त्या क्षणी थ्रॉटल मिटायचे आणि पाणी लागता लागता उघडायचे. लवकर उघडले तर इंजिन गेले, उशीर झाला तर शर्यत गेली.

मिटणे आणि उघडणे यांच्या मधल्या जागेविषयी मला लिहायचे आहे. तिथे आवाज थांबे. खाली समुद्र सरकत असे, पण आमचा वाटत नसे. एकदा अशा शांततेत भाऊ शेजारून सहज बोलला, "दादा, बघ, दिवसा चंद्र." मी बघितला. फिकट होता, धुतलेल्या कपड्यावर राहिलेल्या डागासारखा. मग पाणी आले आणि मी थ्रॉटल उघडले. पुढे कितीतरी वर्षे झोप लागण्याच्या बेतात असताना मला अंथरूण खालून सुटल्यासारखे वाटे आणि हात आपोआप मिटे. पत्नी म्हणे, "उतरा आता खाली." ती गेल्यावरही हात मिटतो. खाली उतरायला सांगणारे कोणी नाही, म्हणून मी जरा जास्त वेळ वर राहतो.

भाऊ फायबरकडे गेला, नंतर दोन पोटांच्या बोटींकडे. मला म्हणाला, "दादा, तुझी जागा ठेवलीय शेजारी." मी म्हणालो, "झाकणाखाली बसून समुद्र बघायचा असेल तर बरणी काय वाईट?" तो माझ्याशी अकरा वर्षे बोलला नाही. त्या वर्षांत त्याने दुसऱ्या माणसाला घेऊन पुष्कळ शर्यती केल्या आणि काही जिंकल्याही. वाक्य माझे होते व व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते.

आता तिसरी चूक. 'बसले होते.' ती वाचून मी लाल शाईचे पेन उघडले आणि तसाच राहिलो. माणसे बसत ती त्याच्या नंतरच्या बोटींत. त्या बोटींत मी कधीच नव्हतो. म्हणजे लिहिताना त्याने मला तिथे नेऊन, पट्टा बांधून, आपल्या शेजारी बसवले. क्रियापद चुकीचे आहे. तरी ते दुरुस्त करू नये, अशी माझी सूचना आहे.

गेल्या रविवारी तो शेडमध्ये आला. बोटीवर हात फिरवून म्हणाला, "दादा, हे आता नुसतं लाकूड आहे. काचेत ठेवू, जपू."

इंजिनाखालून मुलगी म्हणाली, "काका, तुमचेही गुडघे गेलेत. तुम्हाला ठेवायचं का काचेत?"

"बघ, कशी बोलते! तुझ्यावर गेलीय."

"आणि चाक कोण धरणार, तेवढं सांगा. मी थ्रॉटल सोडून दुसरं काही धरणार नाही."

 चाकाजवळ जाऊन भावाने गुडघे किंचित सैल सोडले. हे त्याला कळले नसावे.

म्हणून : बोट क्लबला देऊ नये. थ्रॉटल, इंजिने आणि बोटीचा निम्मा मालकीहक्क माझ्या मुलीस. चाक, होकायंत्र आणि उरलेला निम्मा हक्क माझ्या भावास. एकाने दुसऱ्याचा वाटा विकत घेऊ नये, भाड्याने देऊ नये, चौथऱ्यावर ठेवू नये. मालक दोघे, म्हणून फेरीत उतरताना दोघांनी उतरावे, आणि उभ्याने.

स्मरणिकेतील तारखा पुढीलप्रमाणे दुरुस्त समजाव्यात :

आमची पहिली शर्यत १९६१ साली नव्हे, १९६३च्या मे महिन्यात झाली. आम्ही सातवे आलो. 'पहिल्या काहींत' असे लिहू नये.

खोल धारेचा तळ आम्ही १९६५च्या हिवाळ्यात बांधला. १९६२ साली कारखान्यात फक्त त्यावर भांडण झाले होते.

आम्ही शर्यत जिंकण्याच्या आदल्या वर्षी वडील वारले असे छापले आहे. शर्यत ऑगस्ट १९६६मध्ये झाली, वडील नोव्हेंबर १९६६मध्ये गेले. त्यांनी आम्हाला धक्क्यावर येताना पाहिले.

भावाची शेवटची शर्यत १९८८ची. १९८७ हे वर्ष त्याने नम्रपणे लिहिले आहे की विसरून, ते कळत नाही.

प्रस्तुत मृत्युपत्राची तारीख १२ मार्च २०१९, मंगळवार. या दिवशी भाऊ न बोलावता आला आणि साक्षीदार म्हणून सही करतो म्हणाला. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, एवढेच मी त्याला सांगितले. त्याने पाचवे कलम वाचले. मग हळूच विचारले, "दादा, चाक का?"

ठिकाण : राहते घर, माडीवरची खोली.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही : (सही)

आमच्यासमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही :
१. कुटुंबाचे डॉक्टर (सही)
२. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही, मजकूर वाचला, एकही चूक आढळली नाही)