चकलांब्याच्या परण्यात वाजलेली कॅसेट

प्रिय पौर्णिमाआक्कास,

नेकनूरहून धाकट्या प्रवीणचा सप्रेम जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलं की तुला नेमकं गच्चीवर वाळवण घालायचं सुचतं, हे ठाऊक असल्याने जास्त विचारत नाही. इकडे सगळे खुशाल. फक्त माझे मामेसासरे, पंचशीलाचे मामा सर्जेराव, माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्याचं कारण तू आहेस (रागावू नको, पुढे वाच).

दाजी गेल्यावर घर आवरताना त्यांचा टेपरेकॉर्डर आणि ती एक कॅसेट 'मला आता ऐकवत नाही' म्हणून तू माझ्याकडे दिलीस. तिच्यावर दाजींच्या अक्षरात 'अमेरिकन विनोदी पिक्चर, ऱ्हिदम अँड ब्लूजची गाणी' एवढंच. पिक्चर आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही, इंग्रजी कुणाला धड कळत नाही, तरी संध्याकाळी ओसरीवर ती लावली की आमचं घर जागेवर राहत नाही. एक बाई जाड, उबदार आवाजात काहीतरी मागत असते, मागून बाजा हळूच हो म्हणतो, आणि अंगणातला लिंबसुद्धा झोपेत असल्यासारखा डोलतो. पंचशीलाने गोष्ट मनानेच रचली आहे: नायक उशिरा येतो, बाई रुसते, तो काहीतरी येड्यासारखं बोलतो. मधेच एक माणूस हसतो (पिक्चर विनोदी, तेव्हा हसणारच) आणि मग आगगाडीची शिटी होते. त्या शिटीवर तर आम्ही फिदा. आमच्या भागात रेल्वे येणार येणार म्हणत जन्मभर वाट पाहिलेली माणसं आम्ही. शिटी झाली की तव्यावरची भाकरी करपते.

शेजारचे नबीभाई बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. त्यांनी भिंतीपलीकडून ऐकून हे सगळं बसवलं, आणि चकलांब्याला सर्जेरावांच्या नातवाच्या लग्नात, नवरदेवाचा परण्या निघाला तेव्हा वाजवलं. आक्का, नाचणारी पोरं थांबली आणि नुसती डोलायला लागली. म्हातारी दगडाबाई डोळे मिटून चालत होती. घोडासुद्धा हलके पाय टाकत होता. विहारापर्यंतचा रस्ता संपूच नये असं मला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. विहारापुढे नवरदेव उतरायला गेला, त्याचा बूट रिकिबीत अडकला, आणि तो तसा लोंबकळत असतानाच क्लॅरिनेट हसलं. आधी दोनदा नाकातून, मग जरा थांबून, मग पोट धरून. त्यावर ट्रम्पेटने शिटी मारली.

सर्जेरावांनी नबीभाईंची कॉलर धरली. नबीभाई शांतपणे म्हणाले, "साब, गाण्यात हाय तेच वाजवलं आमी. कमी न्हाई, जास्ती न्हाई." मी मधे पडलो, म्हणून माझ्याशी अबोला. पण पंचशीला बाजूला उभी राहून रडत होती. मला वाटलं, भांडणाला भ्याली. ती म्हणाली, "आवं, हे तर दाजींचं हसणं हाय."

खरंच होतं. दाजींनी टीव्हीपुढे टेप ठेवून गाणी भरली आणि भरताभरता हसले. टेप संथ फिरते, आवाज जड येतो, म्हणून आम्ही इतके दिवस आपल्याच माणसाला अमेरिकन समजत होतो. आगगाडी म्हणजे अर्थात तुझा कुकर.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला जप.

तुझा,
प्रवीण

ता. क. आमच्या यशोधराच्या लग्नाला तू येणार नाहीस, तुला पाहून सगळ्यांना दाजी आठवतील आणि पोरीच्या लग्नात रडारड होईल, असं कळवलंस. दाजी तर वाजतगाजत येणार आहेत, नबीभाईंना सुपारी दिली आहे. हसणं नको असेल तर काढायला सांगतो, पण ते तू इथे येऊन सांग.

आणखी एक. परवा टेपला कान लावून ऐकलं. शिटीनंतर तू बारीक आवाजात म्हणतेस, "अहो, हसताय काय, गॅस बंद करा." नबीभाई सगळी वाद्यं लावून बघताहेत, पण ते काही कशातून निघत नाही.