तुझं नाव अजून तिथेच आहे

मावशी,

नाव लिहीत नाही. गेलेल्या माणसाचं नाव आपल्या आदिवासी लोकांत कुणी उच्चारत नाही, फोटोही झाकून ठेवतात.

पण त्या मोठ्या साइटवर, माझ्या लेखात, तुझ्या फोटोखाली ते अजून झळकतंय. "तुझा ब्लॉग वाचतं कोण? तिकडे लिही, सिडनीलाही कळू दे मी किती फटकळ आहे!" असं तूच म्हणाली होतीस.

ब्लॉगवर असतं तर एका बोटानं पुसलं असतं. संपादक फियोना म्हणते, "सॉरी, डेलीन. करारानं लेख आमचा झालाय. आणि सध्या तोच सगळ्यात जास्त वाचला जातोय."

तुझी लेक माझ्याशी बोलत नाही. शेवटी म्हटलं, नवा लेख लिहून वाचकांनाच विनवते, तो लेख उघडू नका. फियोना खूश झाली. "झकास! खाली त्याच लेखाची लिंक देऊ."

तुझीच पोर,
डेलीन