टर्बोचा पाइप आणि बाबांचा खोकला

मधुताई,

तुझी टर्बो गाडी पीयूसीत नापास झाली. असं काही झालेलं नाही, कारण न विचारता किल्ली घेऊन मी जयेंद्रगंजला गेलोच नव्हतो. तिथल्या माणसानं खाली वाकून मला सांगितलंही नाही, की "भैया, इसमें कैट तो है ही नहीं."

तू बाबांना म्हणाली होतीस, "बिनकॅटच्या धुराच्या पाइपनं गाडी जास्त पळते, पण तुमच्या दम्यासाठी मी धूर गाळणारा कॅटवालाच घेतला." बाबांनी आपल्या अर्ध्या लष्कर मोहल्ल्याला तुझं कौतुक सांगितलं. पावती मात्र तू लांबूनच दाखवलीस.

हल्ली बाबा गाडीतून उतरले की खोकतात आणि दोष फूलबागेतल्या फुलांना देतात. काल माळ्याशी भांडले.

आज त्यांना फूलबागेत सवारीच्या टेम्पोनं नेतोय. गाडी पंक्चर आहे, असं सांगितलंय. बाबांशी खोटं बोलवत नाही, म्हणून एका चाकातली हवा काढली. कॅट बसेपर्यंत ती रोज पंक्चर होईल. बाबांना काही कळणार नाही.

कॅट बसल्यावर महाराज बाड्यापर्यंतची पहिली फेरी प्रस्तुत अर्जदारास, एकट्याने, चालवू द्यावी, ही नम्र विनंती.

अभिराम